लिटरचा रकाना

नवी गाडी घेऊन पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा अंगणात दोन गाड्या शेजारी शेजारी लागल्या होत्या. एक आमची आणि दुसरी भाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची. त्यांची सात सीटर, डिझेल, काळी, तुळशी वृंदावनापेक्षा उंच. आमची पांढरी, तिच्या काखेत मावेल एवढी. तात्यांनी, म्हणजे चुलत सासऱ्यांनी, बाजारात बैल पारखावा तशी दोन्हींभोवती एक फेरी मारली, आमच्या बॉनेटवर हात ठेवला आणि मला विचारलं, "सूनबाई, अ‍ॅव्हरेज काय देते?"

"अजून मोजलं नाही, तात्या."

"मोज. बारक्या गाडीनं अठरा तरी द्यायलाच पायजे."

मग ते काळ्या गाडीकडे वळले, दार उघडून धाडकन लावून बघितलं आणि म्हणाले, "ही दणकट हाय." तिचं अ‍ॅव्हरेज त्यांनी विचारलं नाही. त्या दिवाळीत गावातल्या कुणीच विचारलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की हा प्रश्न विचारायलाही गाडी एका मापापेक्षा लहान असावी लागते.

ही लहान गाडी आमच्याकडे कशी आली ते सांगते. सहा महिने लागले, आणि घरात जेवढी भांडणं झाली तेवढी फ्लॅट घेतानाही झाली नव्हती.

आधीची गाडी बारा वर्षांची होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये खंबाटकी घाटात तिचा क्लच गेला. मागे ट्रकची रांग, सासूबाई कठड्याला टेकून बसलेल्या, मुलगा मोबाइलवर, आणि नवरा बॉनेट उघडून आत काहीतरी कळत असल्यासारखा बघत उभा. त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर भाऊजींनी लिहिलं, "आता मोठीच घ्या वहिनी. एकदाच घ्यायची असते." पुढे हे वाक्य मी शोरूममध्ये, ऑफिसात, भिशीत, इतक्यांदा ऐकलं की एखाद्या आरतीचं धृपद वाटावं. गाडी एकदाच घ्यायची असते हे खरं नाही. आमची ही तिसरी.

नवऱ्याला सात सीटर हवी होती. कारण विचारलं तर तो म्हणायचा, "अगं, कधी सगळे मिळून जायचं झालं तर?" या "कधी"वरच माझं अडलं. मी एका छोट्या कारखान्यात जमाखर्चाचं काम करते. कुणी "अधूनमधून खर्च होतो" म्हणालं की माझा हात आपोआप व्हाउचरकडे जातो. मी फास्टॅगचं वर्षभराचं स्टेटमेंट काढलं, सर्व्हिसच्या पावत्यांवरचे किलोमीटर घेतले आणि कॅलेंडर समोर धरून नवऱ्याला एकेक आठवडा आठवायला लावला. त्याला ते पोलिसी चौकशीसारखं वाटलं, आणि तसं ते होतंच.

वर्षाचे एकूण किलोमीटर ९,४०० निघाले. खेड शिवापूर आणि आनेवाडीचे टोल बघता गावाच्या फेऱ्या सात. जाऊन-येऊन साधारण साडेतीनशे किलोमीटरची एक, म्हणजे त्याचे अडीच हजारांच्या आत-बाहेर. उरलेले सगळे धायरी, सिंहगड रस्ता, सेनापती बापट रस्ता, मुलाचा क्लास, मंडई. यात बहुतेक दिवस गाडीत एकच माणूस होता. पाच माणसं दोनदा बसली, गणपतीत आणि दिवाळीत. सात माणसं एकदाही नाही.

"म्हणजे आपली गाडीच लहान होती म्हणून," नवरा म्हणाला. यावर काय बोलणार?

शेवटी ठरलं की सगळ्या मापांच्या गाड्या चालवून बघायच्या. पुढचे सहा-सात रविवार त्यातच गेले. शोरूमच्या मुलांचा एक शब्द तेवढ्यात पाठ झाला : रोड प्रेझेन्स, म्हणजे रस्त्यावरचा रुबाब. गाडी किती पिते हा प्रश्न मी विचारला की पोरगा एक पत्रक पुढे करायचा आणि लगेच सनरूफ उघडून दाखवायचा. एका ठिकाणी मी मोठ्या गाडीच्या चाकामागे बसले तेव्हा खरं सांगते, मलाही भुरळ पडली. आपण वर असतो. समोरच्या गाडीचं छप्पर दिसतं. रिक्षावाले वाट देतात. नऱ्ह्याच्या पुलाजवळ एका टेम्पोवाल्याने चक्क ब्रेक लावून मला जाऊ दिलं. वीस वर्षं पुण्यात दुचाकी चालवलेल्या बाईला ही गोष्ट किती मोठी वाटते ते सांगून कळायचं नाही.

मधल्या मापाच्या गाड्या बघताना एक मजेशीर गोष्ट दिसली. ज्या दाखवल्या त्यांतल्या बऱ्याच ३,९९५ मिलिमीटर लांबीच्या. एक सेंटिमीटरही पुढे नाही. मी विचारलं तर मुलगा म्हणाला, "मॅडम, चार मीटरच्या आत आहे, टॅक्स कमी बसतो." याचं मूळ २००६ च्या अर्थसंकल्पात आहे. लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १,५०० पर्यंत, अशा गाड्यांचं उत्पादन शुल्क तेव्हा २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. पुढे जीएसटी आला तरी ही रेघ राहिली. आम्ही गाडी घेतली तेव्हा लहान पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस होता. मोठ्या एसयूव्हीवर सेसच २२ टक्के, म्हणजे एकूण ५०. म्हणून कंपन्या मागून कात्री लावल्यासारखी डिकी छाटतात. समोरून बघावं तर पहिलवान, मागून बघावं तर कुणीतरी ढकलून भिंतीला टेकवलेला.

त्यावर आरटीओचा एकरकमी कर. महाराष्ट्रात तोही किमतीप्रमाणे आणि इंधनाप्रमाणे चढतो. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, वीस लाखांपुढच्या डिझेलला १५. खेड शिवापूरच्या नाक्यावर मात्र दोघींना टोल सारखाच. कार, जीप, व्हॅन सगळ्या एकाच रकान्यात.

आता हिशेबाचं. माझी खात्री होती की मोठी गाडी डिझेलमध्येच हरणार. नवऱ्याला गप्प करायला हा एक आकडा पुरे, असं समजून मी कागद घेऊन बसले. ९,४०० किलोमीटर. लहान गाडी प्रत्यक्षात सोळाचं अ‍ॅव्हरेज देईल असं धरलं. पेट्रोल तेव्हा पुण्यात १०४ च्या आसपास. म्हणजे वर्षाला ६१ हजार. मोठी डिझेल साडेअकरा देईल असं धरलं, भाऊजींना खोदून खोदून विचारून. डिझेल साडेनव्वद. वर्षाला ७४ हजार.

फरक तेरा हजार. महिन्याला अकराशे रुपये.

मी दोनदा तपासलं. ज्या इंधनावरून आमच्या घरात एसी बंद करून घामाघूम होत प्रवास झाले, ज्यासाठी माझे वडील उतारावर स्कूटर बंद करून सोडायचे आणि शेवटच्या थेंबासाठी ती आडवी करायचे, त्या इंधनाचा फरक अकराशे रुपये. आमचं दुधाचं बिल त्याहून जास्त आहे. नवऱ्याने कागद बघितला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही.

पण मग मी दुसरा कागद घेतला. लहान गाडी सगळं धरून सात लाख साठ हजार. मोठी साडेतेवीस. फरक जवळजवळ सोळा लाख. ते बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला एक लाख बारा हजार. यात विमा, टायर, सर्व्हिस काहीच धरलेलं नाही. गाडी विकताना पडणारा खड्डा तर नाहीच. म्हणजे इंधनाचे तेरा हजार एका बाजूला, आणि न दिसणारा लाख-सव्वालाख दुसऱ्या बाजूला. पेट्रोलची मीटरपट्टी डोळ्यासमोर फिरते, म्हणून तेवढंच खुपतं. घसाऱ्याचा पंप कुठल्या नाक्यावर नसतो, नाहीतर लोक तिथेही "झिरो बघून घ्या" म्हणाले असते.

हे मी नवऱ्याला समजावून सांगितलं. त्याला पटलं, असं तो म्हणाला. पण गाडीचं माप ठरलं ते या कागदावर नाही, पार्किंगमध्ये.

आमच्या सोसायटीत खांबांमधलं पार्किंग आहे. एका रविवारी मी शिवणकामाच्या डब्यातली टेप घेऊन खाली गेले. दोन खांबांमधलं अंतर २ मीटर ३५. भाऊजींच्या गाडीची रुंदी पत्रकाप्रमाणे १ मीटर ९२, आरसे सोडून. उरले ४३ सेंटिमीटर. डाव्या खांबाला अगदी खेटून लावली, पाच सेंटिमीटर सोडले, तर उजवीकडे ३८. वॉचमनकाकांनी जमिनीवर खडूने रेघा मारल्या, मुलाने केरसुणीचा दांडा दार म्हणून धरला आणि सासूबाईंना बोलावलं. त्यांचे दोन्ही गुडघे कुरकुरतात. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या, दांड्याकडे आणि खांबाकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाल्या, "मी काय पत्र आहे का, फटीतून सरकवायला?"

नवरा म्हणाला, "आई, तुला आधी बाहेर उतरवायचं, मग गाडी आत घ्यायची."

"पावसात?"

इथे मोठी गाडी संपली. लहान गाडीची रुंदी १ मीटर ६२. दोन्ही दारं अर्धी उघडतात. वर ती गाडी उंच बांध्याची असल्याने सासूबाईंना वाकावं लागत नाही आणि चढावंही लागत नाही. खुर्चीवर बसल्यासारखं बसता येतं. मोठ्या गाडीत त्यांना पायरीवरून, वरच्या दांडीला धरून, मागून कुणीतरी आधार देऊन चढवावं लागायचं. गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. नाव निघालं की लोक त्या कंपनीवर घसरतात आणि मापाचं बोलणं राहून जातं.

मधे सीएनजीचा विषय दोन आठवडे चालला. खर्चात तो सरळ जिंकत होता. पण डिकीत टाकी, दर तीन वर्षांनी तिची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणी, पंपावर भली मोठी रांग, आणि भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं. गावाकडच्या वाटेवर कुठे मिळेल, कुठे प्रेशर नसेल, याचा भरवसा वाटेना. निकाल लावला तो तांदळाने. आमच्याकडे वर्षाचा इंद्रायणी पाटणहून येतो, दोन पोती. टाकी लावली तर पोती कुठे? सासूबाई म्हणाल्या, "तांदूळ मांडीवर घेऊन बसू का?" पेट्रोल ठरलं.

दसऱ्याला गाडी आली. तात्यांचं "मोज" डोक्यात होतं, म्हणून दिवाळीनंतर ग्लोव्हबॉक्समध्ये एक दोनशे पानी वही ठेवली. रकाने पाच : तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, शेरा. पद्धत साधी. टाकी फुल करायची, पंप आपोआप कट झाला की थांबायचं, वर "राउंड फिगर" करू द्यायची नाही. पुढच्या वेळी पुन्हा तसंच फुल करायचं आणि मधले किलोमीटर भागिले आता बसलेले लिटर. शक्यतो पंप तोच, नोझलही तोच. पंपावरच्या पोरांना हे विचित्र वाटतं. "मॅडम, चार रुपयांचं अजून बसतंय, राउंड करू?" "नको." "सुट्टे नाहीयेत." "यूपीआय करते." आता ते मला लांबून ओळखतात.

कागदावरचा आकडा चोवीसच्या वर होता. हे आकडे ज्या चाचण्यांमधून येतात त्या करणारी एआरएआय ही संस्था आमच्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. तिथे गाडी रोलरवर चालवतात, ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे. सगळ्या गाड्यांची एकाच मापाने तुलना व्हावी म्हणून ते बरोबरच आहे. फक्त रोलरवर विठ्ठलवाडीची कमान लागत नाही आणि पुढे पाण्याचा टँकर आडवा वळत नाही.

पहिल्या टाकीला १४.२ आलं. नवरा म्हणाला, "हे तर भाऊच्या जवळपासच आलं की." हिवाळ्यात गावच्या एका फेरीत २०.१ मिळालं, तेव्हा मी लगेच तात्यांना फोन केला. "बघ, म्हटलं नव्हतं?" ते म्हणाले, जणू गाडी त्यांनीच चालवली.

मग जुलैत सलग दोन टाक्या १२ च्या खाली आल्या. पाऊस, कोंडी, एसी, काच पुसत बसणं, हे सगळं धरूनही कमी. माझा संशय पंपावर. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं माप असतं, वैधमापन विभागाच्या शिक्क्याचं, आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं, हे मला ठाऊक होतं. मागायला धीर गोळा करायला दोन दिवस लागले. मागितलं. मॅनेजर कुरकुर न करता आतून चकचकीत माप घेऊन आला, सपाट जागी ठेवलं, आधी थोडं पेट्रोल घालून ओलं करून रिकामं केलं, मग मीटरवर पाच लिटर सोडले. मागे चार दुचाक्या थांबलेल्या. मानेवरच्या काचेत पेट्रोल वर चढत चढत बरोबर रेघेवर येऊन थांबलं. माझे कान तापले. मॅनेजर हसून म्हणाला, "हवा चेक केलीय का ताई, टायरमधली?"

पुढची दोन्ही चाकं चोवीसवर होती. हवी होती तेहतीस. हवा फुकट असते आणि त्याच पंपाच्या कोपऱ्यात असते.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असण्याचा वादही त्याच सुमारास तापला होता. इथेनॉलमध्ये उष्मांक पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे थोडं अ‍ॅव्हरेज घटणार हे शाळेच्या गणिताइतकं सरळ आहे. पण मला दिसलेली घट त्यापेक्षा कितीतरी मोठी होती आणि ती माझ्याच चाकांत होती, म्हणून त्या वादात मी तोंड उघडलं नाही.

त्याआधी, मे महिन्यात, नात्यात एक लग्न होतं कराडला. आम्ही पाच, वर माझे आई-वडील. सात! नवऱ्याने वर्षभर या आकड्याची वाट बघितली होती. भाऊजी कामासाठी बाहेरगावी होते, गाडीची किल्ली देऊन गेले. जाताना खंबाटकी तिने अशी चढली की मी कबूल करते, आमच्या गाडीत पाच जण आणि एसी असताना दुसऱ्या गिअरवर जो जप चालतो त्याची आठवणही झाली नाही. माझे वडील मागे झोपले.

परतल्यावर रीतीप्रमाणे टाकी फुल करून द्यायची म्हणून पंपावर गेलो. मीटर तीन हजारांवर गेला, साडेतीन, चार. ४,६०० ला कट झाला. नवरा काहीच बोलला नाही, पण पाकीट खिशात ठेवायला त्याला वेळ लागला. रात्री भाऊजींना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "फुल कशाला केलीत वहिनी? मीसुद्धा कधी केली नाही. मी आपला दोन हजारांचं टाकतो." दोन हजारांचं टाकलं की भाव वाढला काय, कमी झाला काय, सारखंच, हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकलाय. भाऊजी तो विनोद म्हणून सांगत नाहीत. २०१९ पासून ते खरोखर दोन हजारांचं टाकतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये, २२ तारखेपासून, जीएसटी बदलला. लहान गाड्या १८ टक्क्यांवर, मोठ्या सरसकट ४० वर आणि सेस गेला. माझी गाडी मी घेतल्यापासून अकरा महिन्यांत स्वस्त झाली होती. मोठीही झाली होती. नवऱ्याने ती बातमी मला फॉरवर्ड केली, खाली एक शब्द न लिहिता. मी उत्तरादाखल पार्किंगच्या खांबाचा फोटो पाठवला.

दसऱ्याला वहीची बेरीज केली. ९,१८० किलोमीटर, ५६१ लिटर, अ‍ॅव्हरेज १६.४. तात्यांच्या अठरात बसत नाही. त्यांना मी फक्त ते २०.१ च सांगते.

गेल्या आठवड्यात भाऊजी संध्याकाळी घरी आले, चहा घेतला, इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "वहिनी, उद्या तुमची गाडी मिळेल का? हिला तुळशीबागेत जायचंय. माझी त्या गल्ल्यांत कुठे घालणार?" त्यांची काळी गाडी आता आठवडाभर कव्हरखाली असते, ऑफिसला ते इलेक्ट्रिक स्कूटरवर जातात. मी किल्ली दिली आणि वहीबद्दल सांगितलं. पेट्रोल टाकलंत तर लिहून ठेवा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी परत आली. वही उघडली. त्यांनी नीट, टापटीप अक्षरात नोंद केली होती. तारीख. किलोमीटर. रुपये : दोन हजार. शेरा : गाडी छान आहे. लिटरच्या रकान्यात रेघ.